लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफल स्कोप: कोलोराडोत पहिल्यांदा एल्कला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात कॉलेजात असताना मी १० मीटर एअर रायफल करायचो. तिथे रायफलवर दुर्बीण नसते. पीप साइटच्या भोकातून पाहायचं, काळा गोल मधोमध आणायचा आणि श्वास रोखून चाप ओढायचा. स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं तेही अशाच साइटवर. त्यामुळे डेन्व्हरला आल्यावर शेजाऱ्यांबरोबर एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला जायचं ठरलं तेव्हा नेमबाजीची चिंता नव्हती. स्कोपबद्दल, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीबद्दल, मात्र मला काहीच माहीत नव्हतं. दुकानातल्या माणसानं ६-२४×५० चा मोठा स्कोप दाखवला, ‘लाँग रेंजला हाच’ म्हणाला आणि मी घेतला.

पहिल्याच सीझनला, उजाडता उजाडता, अ‍ॅस्पेनच्या झाडीच्या कडेला एक एल्कची मादी आली. अंतर जेमतेम १४० यार्ड. मी स्कोपला डोळा लावला तर आत नुसता तपकिरी अंधार. झूम २४ वर राहिला होता. कधी फांदी दिसे, कधी केसाळ काहीतरी दिसे. पण तो खांदा की मांडी, कळेना. मी झूम कमी करेपर्यंत ती झाडीत शिरली. गोळी झाडली नाही हेच बरं झालं, कारण तशा अवस्थेत झाडलेली गोळी जनावराला जायबंदी करते आणि ते डोंगरात कुठेतरी दोन दिवस तडफडून मरतं. हा लेख मी त्यासाठीच लिहितोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथलं सगळं अमेरिकेतल्या, त्यातही कोलोराडो-वायोमिंग भागातल्या परवान्याच्या शिकारीबद्दल आहे.

१. स्कोपच्या आधी कागदपत्रं

स्कोप विकत घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. रायफलचं तसं नाही, आणि आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तुम्ही एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. बाळगणं म्हणजे नुसतं विकत घेणं नव्हे. मित्राबरोबर रेंजवर जाऊन ‘दोन गोळ्या मारून बघ’ म्हणून त्याची रायफल हातात घेणंही त्यात येतं. याचा परिणाम थेट इमिग्रेशनवर होतो, त्यामुळे परवाना खिशात आल्याशिवाय रायफलला हात लावू नका. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. तुमच्या बाबतीत जराही शंका असली तर वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको.

जवळ असायला हवं ते असं:

- हंटर एज्युकेशन कार्ड. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत ते लागतं. कोर्स चांगला असतो, मन लावून करा.
- कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफचा (राज्याचं वन्यजीव खातं) परवाना आणि त्याबरोबरचा हॅबिटॅट स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्क).
- दुकानातून रायफल घेताना पासपोर्ट, व्हिसाचे कागद, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि शिकारीचा परवाना. तिथे फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म, भरावा लागतो. प्रत्येक रकाना नीट वाचून भरा.

रायफलचे सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, ऐन दिवाळीच्या आसपास असतात. स्कोप जूनमध्येच घ्या, म्हणजे सरावाला पूर्ण उन्हाळा मिळतो.

२. ‘लाँग रेंज’ म्हणजे तुमच्यासाठी किती, ते ठरवा

हे न ठरवता स्कोप बघायला जाऊ नका. व्हिडिओत लोक ८०० यार्डांवर एल्क पाडताना दिसतात. ते डोळ्यांसमोर ठेवून खरेदी केली की वजनदार, अवघड आणि नको तितका महागडा स्कोप गळ्यात पडतो.

कागदी ताटली घ्या, साधारण नऊ इंचाची. एल्कचा काळीज-फुप्फुसाचा भाग याहून मोठा असतो आणि प्राँगहॉर्नचा (इथलं काळविटासारखं जनावर) साधारण एवढाच. आता रेंजवरचं टेबल सोडा. जमिनीवर बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, थोडं पळून आल्यावर धाप लागलेली असताना पाच गोळ्या मारा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच ताटलीत बसतात, ती तुमची हद्द. माझी पहिल्या वर्षी २०० यार्ड होती. आज, सहा वर्षांनी, वारा शांत असेल तर ४०० आहे, आणि त्यापुढे मी जात नाही.

यामागचं गणित पाहा. ६.५ क्रीडमोर या काडतुसाची १४३ ग्रेन वजनाची गोळी २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली, तर ती ३०० ला सुमारे ७ इंच, ४०० ला सुमारे २० इंच आणि ५०० ला सुमारे ४० इंच खाली पडते. हे खाली पडणं मोजता येतं, स्कोपवर भरून काढता येतं. वाऱ्याचं तसं नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा तीच गोळी २०० यार्डांवर दोनेक इंच सरकवतो आणि ४०० वर आठ-नऊ इंच. दरीच्या या कडेला वारा एका दिशेचा आणि त्या कडेला दुसऱ्या दिशेचा, हे इथल्या डोंगरात रोजचंच. शिवाय ५०० यार्ड कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. कितीही महागडा स्कोप घेतला तरी हे पाऊल त्याला थांबवता येत नाही.

३. झूम आणि उजेड

स्कोपवरचे आकडे असे वाचायचे: ३-१५×४४ म्हणजे झूम ३ पट ते १५ पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४४ मिलिमीटर.

दुकानात सगळ्यांची नजर मोठ्या आकड्यावर जाते. तुम्ही लहान आकडा बघा. एल्क झाडीत ६० यार्डांवरही भेटतो आणि तेव्हा ३ किंवा ४ पटच हवी. वरच्या बाजूला ४०० यार्डांसाठी १०-१२ पट भरपूर होते. १५-१६ असली तर कागदावरची भोकं बघायला बरी. म्हणून ३-१५ किंवा ४-१६. याहून मोठ्या झूमवर उन्हात जमिनीवरून उठणारी वाफ इतकी थरथरते की चित्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं, आणि तुमच्या छातीचा ठोकाही रेटिकलवर (स्कोपमधली नेम धरायची फुली) दिसायला लागतो.

आता उजेड. कोलोराडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि एल्क बाहेर येतात ते नेमके या कडेच्या वेळांना. स्कोपमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास, म्हणजे एक्झिट प्युपिल, साध्या भागाकारानं मिळतो: भिंगाचा व्यास भागिले झूम. ४४ चं भिंग ८ पटीवर ५.५ मिलिमीटरचा झोत देतं, १५ पटीवर तीनच्या आत. अंधारात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते, वयानुसार कमी होत जाते. झोत बाहुलीपेक्षा बारीक झाला की चित्र काळवंडतं. त्या सकाळी माझ्या स्कोपचा हिशेब ५० भागिले २४ असा होता, जेमतेम दोन मिलिमीटर. रायफल तीच, पहाट तीच, झूम ६ वर असता तर ती मादी मला खुरांपासून कानांपर्यंत दिसली असती.

म्हणून सवय लावा: चालताना, बसताना, थांबताना झूम नेहमी सगळ्यात खाली. वाढवायला वेळ मिळतो, कमी करायला मिळत नाही.

५६ चं भिंग उजेड जास्त देतं खरं, पण स्कोप उंच बसवावा लागतो, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि वजन वाढतं. पायी शिकारीला ४२ ते ५० पुरे. भिंगाचा दर्जा आकारापेक्षा जास्त काम करतो.

४. एमओए की मिल, आणि रेटिकल

दोन्ही कोन मोजायची मापं आहेत. एक एमओए १०० यार्डांवर साधारण एक इंच (नेमकं १.०४७), एक मिल १०० यार्डांवर ३.६ इंच किंवा १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. आपण मेट्रिकमध्ये वाढलो म्हणून मिल सोपं वाटतं. शेजारी एमओएत बोलतात. दोन्हींतलं काहीही चालतं. अट एकच: टरेट (नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायचं स्कोपवरचं फिरतं बटण, त्याचा एकेक टप्पा म्हणजे क्लिक) आणि रेटिकल एकाच मापाचे हवेत. स्वस्त स्कोपमध्ये रेटिकल मिलचं आणि क्लिक एमओएचे, असा प्रकार सापडतो. तो घेऊ नका.

फर्स्ट फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहानमोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणा कुठल्याही झूमवर खऱ्या. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल तेवढंच राहतं आणि खुणा एकाच झूमवर, बहुधा सर्वांत मोठ्या, खऱ्या धरायच्या. स्पर्धावाले फर्स्टच घ्या म्हणतील. मी शिकारीला सेकंड घेतो. फर्स्टचं रेटिकल ३ पटीवर कोळ्याच्या धाग्याएवढं बारीक होतं आणि झाडीच्या सावलीत दिसेनासं होतं. मी अंतराची दुरुस्ती टरेट फिरवून करतो, आणि टरेटचे क्लिक कुठल्याही झूमवर तेवढेच असतात, त्यामुळे माझं काही अडत नाही. रेटिकलच्या खुणांवर नेम धरायची सवय असेल तर मात्र फर्स्ट घ्या.

जाळीसारखी भरगच्च रेटिकलं टाळा. मधोमध बारीक फुली, वाऱ्यासाठी बाजूला चार-पाच खुणा आणि कडेला जाड दांडे, एवढं पुरतं.

५. टरेट

वरचं टरेट उघडं, बोटांना नीट लागणारं आणि झिरो स्टॉप असलेलं हवं. झिरो स्टॉप म्हणजे फिरवत परत आणलं की झिरोवर अडणारी कळ. नसेल तर थंडीत, घाईत एक पूर्ण फेरा चुकतो आणि १०० यार्डांवरच गोळी फुटा-दीड फुटानं वर-खाली जाते. बाजूचं टरेट झाकणाचं असावं, कारण पाठीवर रायफल असताना झुडपात ते आपोआप फिरतं.

६. बाकीच्या चार गोष्टी

आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोप यांतलं अंतर, साडेतीन ते चार इंच हवं. .३०० विन मॅगसारख्या दणका देणाऱ्या रायफलवर ते कमी पडलं की स्कोपची कडा भुवईवर बसते आणि टाके पडतात.

पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल निशाण्यावरून सरकल्यासारखं दिसणं, बाजूच्या गोल बटणानं जुळवता येईल असा स्कोप घ्या. डोळा थोडा हलवून पाहा. निशाण्यावर रेटिकल पोहताना दिसलं तर पॅरलॅक्स जुळलेलं नाही.

‘३० मिलिमीटर नळीतून उजेड जास्त येतो’ असं दुकानात सांगतात, ते खरं नाही. जाड नळीमुळे टरेटला फिरायला जागा जास्त मिळते, इतकंच. एक इंची नळीवरही ४०० यार्डांचं काम होतं.

वजन ७०० ग्रॅमच्या आत ठेवा. ५-२५×५६ चे काही स्कोप एक किलोच्या वर जातात. नऊ हजार फुटांवर, गुडघाभर बर्फात सहा मैल चालताना तो फरक खांद्याला कळतो.

७. दुकानात

ल्यूपोल्ड, व्होर्टेक्स, नाइटफोर्स, झाइस, स्वारोव्हस्की ही नावं सगळीकडे दिसतील. बरिस आपल्या कोलोराडोतल्या ग्रीलीचीच कंपनी आणि मेव्हन वायोमिंगमधल्या लँडरची. नावापेक्षा पुढची परीक्षा महत्त्वाची.

दुकानातल्या लख्ख दिव्यांखाली शंभर डॉलरचा स्कोपही छान दिसतो. संध्याकाळी जा. मालकाला विनंती करून दोन-तीन स्कोप दारापर्यंत न्या, सगळे ८ पटीवर लावा आणि रस्त्यापलीकडच्या झाडाच्या सावलीत बघा. बुंध्याची साल कुठल्यात जास्त वेळ दिसते ते पाहा. चित्राच्या कडा धूसर होतात का, दिव्याभोवती जांभळी किनार येते का, हेही बघा. मग टरेट फिरवा. क्लिक वेगवेगळे बोटांना कळले पाहिजेत. लोण्यासारखं फिरणारं टरेट सोडून द्या.

बजेटबद्दल माझं मत: नव्यानं सुरुवात करताना ५०० ते १००० डॉलर पुरतात, आणि त्याशिवाय २०० डॉलर रिंग, बेस (स्कोप रायफलवर धरणारी कडी आणि त्यांच्याखालची पट्टी) आणि बसवायच्या अवजारांसाठी बाजूला काढा. बाराशेचा स्कोप घेऊन तीस डॉलरच्या रिंगमध्ये बसवणं म्हणजे पक्क्या घराला कच्चा पाया. वॉरंटी पुढच्या मालकालाही लागू होते का ते विचारा. होत असेल तर जुना स्कोप घ्यायला हरकत नाही.

आणखी एक. कोल्हापूर-पुण्यातले नेमबाज मित्र ‘येताना एक स्कोप आण’ म्हणतात. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात. परवान्याशिवाय बॅगेत टाकून भारतात नेऊ नका.

८. बसवणं

लागणारं सामान: इंच-पाउंडांत मोजणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर, छोटी पाणसळ (लेव्हल), ओळंबा, स्क्रू सैल होऊ न देणारं मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, फडकं, मेणाचा खडू.

आधी रायफल रिकामी आहे ना बघा. बोल्ट काढा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा.

बेसचे स्क्रू तेल पुसून, थ्रेडलॉकरचा एक थेंब लावून, पत्रकात दिलेल्या टॉर्कनं आवळा. स्कोप रिंगमध्ये सैल ठेवून आय रिलीफ जुळवा: डोळे मिटा, नेहमीसारखा गाल टेकवा, डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. हे हिवाळी जाकीट घालून करा, कारण शिकारीला तेच अंगात असणार.

मग रायफल पाणसळीनं सपाट करा, समोर ओळंबा टांगा आणि रेटिकलची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीला जुळवा. आपले गवंडी भिंत बघतात तसंच. रेटिकल पाच अंश जरी कललं, तरी ५०० यार्डांची दुरुस्ती टरेटवर घेतल्यावर गोळी तीन-चार इंच बाजूला जाते. रिंगचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, साधारण १५ ते १८ इंच-पाउंडांपर्यंत आवळा. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तो माना. शेवटी प्रत्येक स्क्रूवर खडूनं रेघ ओढा.

ही रेघ मी दुसऱ्या वर्षी शिकलो. एका दुकानानं स्कोप फुकट बसवून दिला होता. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावरून दोन तास गाडी उडत गेली आणि कॅम्पवर तपासलं तर १०० यार्डांवर गोळी सात इंच डावीकडे. पुढच्या रिंगचे दोन स्क्रू बोटांनी फिरत होते. खडूची रेघ असती तर नुसतं बघून कळलं असतं.

९. झिरो आणि स्कोपची परीक्षा

बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचा निशाणा बघा आणि रेटिकल त्यावर आणा. मग २५ ला दोन-तीन गोळ्या, नंतर १०० ला. एका गोळीवर टरेट फिरवू नका; तीन मारा, त्यांचा मध्य काढा, मग दुरुस्ती करा. शिकारीला जी काडतुसं नेणार त्याच डब्यातली वापरा.

आता बहुतेक लोक जी परीक्षा टाळतात ती. मोठ्या पुठ्ठ्यावर ओळंब्यानं ३० इंची उभी रेघ काढा आणि १०० यार्डांवर लावा. खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. नेम तिथेच ठेवून टरेट २० एमओए वर घ्या, पुन्हा तीन. त्या २१ इंच वर आणि रेघेवरच बसायला हव्यात. टरेट झिरोवर आणून पुन्हा तीन. त्या पहिल्या तीनमध्ये मिसळायला हव्यात.

२१ ऐवजी २० इंच निघाले तर स्कोप जवळपास पाच टक्के कमी फिरतो. तेवढं हिशेबात धरून वापरता येईल. रेघेपासून बाजूला गेल्या तर स्कोप कललेला आहे, पुन्हा बसवा. झिरोवर परतलाच नाही तर मात्र त्याच आठवड्यात परत करा. भिंग कितीही सुंदर असलं तरी झिरो न धरणारा स्कोप शिकारीला नेऊ नये.

नंतर ३०० आणि ४०० यार्डांवर प्रत्यक्ष मारून क्लिक लिहून काढा आणि तो कागद दस्त्यावर चिकटवा. अ‍ॅपमधले आकडे सुरुवातीला ठीक, पण डेन्व्हरच्या रेंजवर आणि दहा हजार फुटांवर हवेची घनता वेगळी असते. उंचावर गोळी थोडी कमी पडते.

१०. डोंगरात

जनावर शोधायला स्कोप वापरू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळी वळते, आणि समोरच्या उतारावरचा नारिंगी ठिपका, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याचं जाकीट, कुणाचा तरी मुलगा किंवा बाप असतो. शोधायला ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण गळ्यात ठेवा, अंतराला रेंजफाइंडर. जनावर ओळखलं, मागे काय आहे ते बघितलं, मारायचं ठरलं, मगच रायफल खांद्याला.

रात्री रायफल गरम तंबूत आणू नका. गारठलेल्या भिंगावर बाष्प धरतं आणि पहाटे बाहेर नेल्यावर त्याचा बर्फ होतो. रिकामी करून, कुलूपबंद केसमध्ये गाडीतच ठेवा. भिंगाला झाकणं लावा, आणि पुसताना तोंडाची वाफ मारू नका. थंडीत तीच गोठते.

कॅम्पवर पोचलात की सीझन उघडायच्या आदल्या दुपारी, सुरक्षित मातीचा बांध पाठीमागे असलेली जागा बघून १०० यार्डांवर एक गोळी मारा. भोक जिथे हवं तिथे असेल तर टरेट झिरोवर आहे ना, झूम सगळ्यात खाली आहे ना, खडूच्या रेघा जुळतायत ना, एवढं बघा आणि लवकर झोपा. पहाटे साडेतीनला उठायचंय.